दादीच्या गोळ्यांची यादी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज लघवीबद्दल बोलणार आहे, कारण आपल्या घरांत या विषयावर कुणी बोलत नाही. दादी लग्नाला जायचं टाळते, अब्बा मशिदीत जाणं कमी करतात आणि आपण म्हणतो, वय झालं. खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. लघवी धरवत नाही, कपडे ओले होतात, वजू टिकत नाही. हे मुला-नातवंडांना सांगायचं कसं?

हा गुन्हा नाही, आजार आहे, आणि त्यावर औषधं आहेत. मूत्राशयाचा स्नायू अवेळी आकसतो, त्याला औषध शांत करतं. यातली जुनी औषधं म्हणजे ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन. स्नायूला आकसायला सांगणारा रासायनिक निरोप ती अडवतात. पण तोच निरोप तोंड, आतडी, हृदय आणि मेंदूतही फिरत असतो. म्हणून तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, ठोके वाढू शकतात, म्हातारी माणसं गोंधळल्यासारखी वागू शकतात.

नवं औषध मिराबेग्रॉन. जपानमध्ये 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2012 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते वेगळ्या वाटेनं काम करतं, तोंड फारसं कोरडं पाडत नाही. मात्र रक्तदाब वाढवू शकतं. ज्यांचा रक्तदाब 180/110 किंवा त्याहून जास्त आहे आणि आटोक्यात नाही, त्यांना ते देत नाहीत. शिवाय मेटोप्रोलॉल आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण ते वाढवतं.

ही भीती कोरडी नाही. टेरोडिलिन नावाचं औषध आधी छातीतल्या कळांसाठी वापरलं जाई. त्यानं लघवी अडते हे लक्षात आल्यावर ते लघवीच्या तक्रारीवर देऊ लागले. ब्रिटनमध्ये ते 1986 मध्ये आलं. मग काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके धोकादायक रीतीनं बिघडल्याचं दिसलं आणि 1991 मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आलं. वयस्कर, हृदयरोगी, रक्तातलं पोटॅशियम कमी असलेले यांना जास्त धोका होता. सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी पोटॅशियम कमी करू शकते, आणि अशी गोळी आपल्या घरांतले कितीतरी बुजुर्ग रोज घेतात.

माझ्या कामात दोन प्रोग्राम एकेकटे नीट चालतात, एकत्र आले की बंद पडतात. गोळ्यांचंही तसं होऊ शकतं. हृदयाचा डॉक्टर वेगळा, लघवीचा वेगळा, हकीमसाहेबांचं चूर्ण तिसरंच. सगळं एकत्र पाहणारं घरात कुणीतरी हवं. ते तुम्ही व्हा.

सगळ्या गोळ्यांची यादी करा, चूर्णासकट. प्रत्येक डॉक्टरला ती दाखवा. औषध सुरू होण्याआधी आणि नंतरही रक्तदाब मोजा. छातीत धडधड, चक्कर, शुद्ध हरपणं असं काही झालं तर लगेच डॉक्टर गाठा. ते ईसीजी काढतील. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका, शेजाऱ्याची देऊ नका, आणि चालू असलेली गोळी मनानं बंदही करू नका.

गोळीआधी कारण शोधायला सांगा: जंतुसंसर्ग, मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट. चहा कमी करणं, ठरावीक वेळानं लघवीला जाणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम यानंही फरक पडतो. ओलं होईल म्हणून पाणी तोडणं मात्र चूक. लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठताही होते.

आणि नमाजचं? सतत लघवी झिरपणाऱ्या माणसाला फिकहमध्ये माजूर म्हणून सवलत आहे. तपशील आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारा. कपडे ओले होतात म्हणून कुणाची नमाज, कुणाची मशीद सुटता कामा नये.

घरी गेल्यावर दादीशी एकांतात, हलक्या आवाजात हा विषय काढा. ती कदाचित कित्येक वर्षं कुणीतरी विचारेल याची वाट पाहत असेल.