वही उघडा, पेन बाहेर ठेवा

लष्करात एखाद्या गोष्टीची चौकशी बसली की सगळ्यात आधी कागद ताब्यात घेतात. रजिस्टर जसं असेल तसं. त्यावर कोणी पेन्सिलीने खूणसुद्धा करायची नाही. कारण एकदा खूण झाली की ती कधीची, कोणाची, यावरच वाद सुरू होतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

आज रजिस्टरं संगणकात आहेत. म्हणून आज एकच छोटी गोष्ट सांगणार आहे: डेटाबेसची फाइल नुसती वाचण्यासाठी कशी उघडायची. मी संगणकाचा इंजिनिअर नाही, निवृत्तीनंतर शिकलो. त्यामुळे तुम्हालाही जमेल.

उदाहरण घेऊ एसक्यूलाइटचं. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअरचं काम करताना रिचर्ड हिप यांना असा डेटाबेस हवा होता, ज्याला वेगळा सर्व्हर चालू ठेवावा लागणार नाही. त्यातून २००० साली एसक्यूलाइट आलं. सगळा डेटाबेस एका साध्या फाइलमध्ये. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अशा कितीतरी फाइली आहेत. लहान संस्थांचे हिशेबाचे प्रोग्रॅमही बरेचदा यावरच चालतात.

ही फाइल उघडायला कमांड लाइनवर 'एसक्यूलाइट३' नावाचा प्रोग्रॅम मिळतो. त्याचं नाव आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं की फाइल उघडते. पण लक्षात घ्या, ती लिहिण्याच्या परवानगीसह उघडते. तुम्ही म्हणाल, मी काही लिहिणारच नाही, मग काय बिघडलं?

बिघडतं ते असं. अनेक प्रोग्रॅम नव्या नोंदी आधी मुख्य फाइलशेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहितात. तिच्या नावाच्या शेवटी 'वॉल' असतं. ही आपली कच्ची वही समजा. साधारण १००० पानं भरली, किंवा फाइल वापरणारा शेवटचा माणूस ती बंद करून निघाला, की कच्च्या वहीतलं सगळं पक्क्या वहीत उतरतं. म्हणजे तुम्ही फाइल उघडली, एकदा नजर टाकली आणि बंद केली, तरी मुख्य फाइल बदललेली असू शकते. एक अक्षर टाइप न करता.

यावर उपाय एका शब्दाचा आहे. प्रोग्रॅमचं नाव, मग एक आडवी रेघ आणि तिला चिकटून 'रीडओन्ली', मग फाइलचं नाव:

एसक्यूलाइट३ -रीडओन्ली हिशेब.डीबी

आता 'सिलेक्ट' चालेल, 'अपडेट' किंवा 'डिलीट' दिलं तर प्रोग्रॅम साफ नकार देईल. आणखी एक फायदा आहे. साध्या पद्धतीत फाइलचं नाव चुकीचं टाइप झालं, तर प्रोग्रॅम त्या नावाचा नवा, रिकामा डेटाबेस समोर ठेवतो. आत काहीच दिसत नाही आणि माणूस ओरडतो, 'नोंदी उडवल्या!' रीडओन्लीमध्ये तो सरळ सांगतो की फाइल उघडता येत नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मी मध्य प्रदेशात महूला राहतो. आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत देखभाल निधीचा हिशेब एका दिवंगत सुभेदारांच्या पत्नी लिहायच्या. एकदा वीज गेली, प्रोग्रॅम नीट बंद न होताच संगणक बंद पडला. नंतर एका सदस्याने मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी तपासली. शेवटच्या अकरा पावत्या गायब. रोख घेतली आणि नोंद केली नाही, अशी कुजबुज सुरू झाली. बाईंनी मंदिरात येणंही बंद केलं.

बैठकीत काहीजण म्हणाले, आत्ताच मूळ फाइल उघडून बघू. मी नको म्हणालो. फोल्डरमध्ये मुख्य फाइलच्या शेजारी वॉल फाइल तशीच पडलेली होती. दोन्ही फाइलींची एकत्र प्रत घेतली, दोन्हींचा हॅश काढून कागदावर लिहिला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मग सगळ्यांसमोर ती प्रत रीडओन्लीने उघडली. अकराही पावत्या तिथे होत्या, तारखेसह. पेन ड्राइव्हवर पक्की वही गेली होती, कच्ची मागे राहिली होती. बंद करून पुन्हा हॅश काढला. दोन्ही ठसे जसेच्या तसे. संशय घेणाऱ्यांनाही बोट ठेवायला जागा उरली नाही. मूळ फाइल घाईने उघडली असती तर पावत्या दिसल्या असत्या, पण 'आत्ताच घातल्या' असं म्हणणाऱ्याला उत्तर देता आलं नसतं.

दोन सूचना. पहिली, रीडओन्लीतही वॉल वाचताना शेजारी 'एसएचएम' नावाची मदतनीस फाइल तयार होऊ शकते. त्यामुळे काम नेहमी प्रतीवर करा आणि प्रतीचं फोल्डर लिहिता येण्याजोगं ठेवा. दुसरी, 'इम्म्युटेबल' नावाचा आणखी कडक पर्याय काहीजण सुचवतील. तो फाइल कधीच बदलणार नाही असं धरून चालतो आणि वॉलकडे बघतच नाही. आमच्याकडे तो वापरला असता तर बाई दोषी ठरल्या असत्या.

प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर स्वतः काही करू नका, जाणकाराला बोलवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो.

सोसायटी, पतपेढी, महाराष्ट्र मंडळ, कुठेही हिशेब बघायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: सगळ्या फाइलींची प्रत, हॅश, रीडओन्ली, पुन्हा हॅश. पाच मिनिटांचं काम आहे. समोरच्या माणसाची अब्रू मात्र पाच मिनिटांत परत येत नाही.

जय हिंद.