काशीच्या वाड्यातील मोगरा आणि हिवाळा

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्यांच्या घरांतील मोगऱ्याच्या कुंडीचा हिवाळा हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तेथे या झाडास बेला म्हणतात. नाव वेगळे असले तरी झाड तेच. हवा मात्र तीच नव्हे. पुण्याकडील अनुभवावर विसंबून राहिल्यास फेब्रुवारीपर्यंत झाड मरगळते आणि त्याचा दोष थंडीला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा तो दोष अंधाराचा आणि त्याहूनही पाण्याचा असतो.

काशी सुमारे २५.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून अवघा ४१ अंश वर चढतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर असतो. गल्लीतील एखाद्या जुन्या घराचा चौक १५ फूट रुंद आणि भोवतालच्या भिंती ३० फूट उंच असतील, तर पौषात भर दुपारीदेखील ऊन उत्तरेकडील भिंतीवर वरून १३ फुटांपर्यंतच उतरते. खालचे १७ फूट, आणि अर्थातच तळाशी ठेवलेल्या कुंड्या, सावलीतच राहतात. म्हणून दिवाळी सरताच कुंडी गच्चीवर, अथवा चौकाच्या उत्तर बाजूच्या वरच्या सज्जात, जेथे दक्षिणेचे ऊन येते तेथे हलवावी.

जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी ८ ते ९ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. शीतलहरीत ते ५ अंशांखालीही जाते. अशा हवेत मोगऱ्याची वाढ थांबते, काही पाने पिवळी पडून गळतात. हे मरण नव्हे, विश्रांती आहे. भय असते ते पश्चिमेकडील बोचऱ्या वाऱ्याचे आणि क्वचित पडणाऱ्या हिमतुषाराचे. तेवढ्या रात्रींपुरती कुंडी छपराखाली घ्यावी किंवा काठ्या रोवून वरून गोणपाट घालावे व सकाळी ते काढावे. बोरसी किंवा विजेच्या हीटरजवळ कुंडी ठेवणे मात्र थंडीहून वाईट, कारण कोरड्या उष्ण हवेत पानांच्या पाठीवर लाल कोळी झपाट्याने वाढतो.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. देवांच्या स्नानाचे पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते झाडाला घालण्याचा प्रघात मराठी घरांत आहे. उन्हाळ्यात झाड ते आनंदाने पिते. धुक्याच्या दिवसांत मात्र मातीतून वाफ जवळजवळ होत नाही. वाढ थांबलेले झाड पाणी ओढत नाही, मातीतील हवेची जागा पाणी घेते आणि मुळे गुदमरून कुजतात. तेव्हा पाने पिवळी पडतात, ती पाहून घरचे माणूस आणखी पाणी घालते! श्रद्धेला बाध न आणता एवढे करता येईल: ते पाणी रोज एकाच कुंडीत न ओतता निरनिराळ्या झाडांना पाळीपाळीने द्यावे. मातीत बोटाची दोन पेरे खुपसून ती कोरडी लागली, किंवा मातीच्या कुंडीवर टिचकी मारता खणखणीत आवाज आला, तरच पाणी घालावे, तेही ऊन चढल्यावर. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. या काळात खत देऊ नये.

मोगऱ्याला हिवाळ्यात घरात घेण्याचा खटाटोप केवळ आपल्याकडचा नाही. इटलीत तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याहून दुहेरी पाकळ्यांचा मोगरा मिळाला. फ्लोरेन्सजवळील कास्तेल्लो येथील उद्यानात त्यासाठी खास उबदार गृह उभारले गेले. त्या झाडाचे इटालियन नाव ‘मुगेरिनो’. मोगरा हा शब्द त्यात सहज ओळखू येतो. तेथे काचेच्या घराशिवाय गत्यंतर नव्हते. काशीत एक गोणपाट पुरते.

वसंतपंचमीच्या सुमारास थंडी ओसरू लागली, की वाळक्या व बारीक काड्या काढून उरलेल्या फांद्या निम्म्यापर्यंत छाटाव्यात. मोगऱ्याची फुले नव्या फुटव्यावर येत असल्याने ही छाटणी टाळल्यास झाड वाढते, कळ्या मात्र विरळ होतात. छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती खरवडून तेथे कुजलेले शेणखत घालावे आणि फुटवे दिसू लागताच पाणी हळूहळू वाढवावे. तोवर देवपूजेला पांढऱ्या फुलांची उणीव भासत असेल, तर शेजारी कुंदाची एक कुंडी ठेवावी. कुंद याच कुळातला आहे आणि नेमका थंडीतच फुलतो. फक्त त्याला मोगऱ्याचा सुगंध नाही.