राज्य बदललं, सीपीए लायसन्सचं काय?

आजचा भाग अमेरिकेत सीपीए असलेल्यांसाठी आणि होऊ पाहणाऱ्यांसाठी. जरा कागदपत्रांचा आहे, पण माझी नोकरी यात जाता जाता राहिली, म्हणून सांगते.

माझी मैत्रीण सीए आहे, पुण्यात. तिचं सभासदत्व १९४९च्या केंद्रीय कायद्याखालचं. उद्या ती गुवाहाटीला गेली तर पत्ता बदलेल, बस्स. सीपीएचं तसं नाही. परीक्षा अख्ख्या अमेरिकेत एकच, चार पेपरांची. पण लायसन्स देतं ते त्या त्या राज्याचं बोर्ड.

मला वाटायचं, 'मोबिलिटी' आहे ना! ती आहेच. तुमचं मुख्य ऑफिस जुन्या राज्यात असेल, तर दुसऱ्या राज्यातल्या क्लायंटचं काम बहुतेक ठिकाणी वेगळं लायसन्स न काढता करता येतं. पण आम्ही घरच हलवलं. नवऱ्याची बदली झाली आणि मी नव्या गावातल्या फर्ममध्ये लागले. मुख्य ऑफिसच बदललं म्हटल्यावर नवं लायसन्स हवं. ऑफर लेटरमध्ये अट होती: नव्वद दिवसांत आणा.

चार-दहाचा एक नियम बऱ्याच राज्यांत आहे. परीक्षा पास झाल्यावर, गेल्या दहा वर्षांत चार वर्षं सीपीएचं काम केलेलं असेल, तर जुनं शिक्षण फारसं उकरत नाहीत. माझी भरत होती तीन वर्षं दोन महिने. मग काय, १५० क्रेडिटचा हिशोब पहिल्यापासून. आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं, ते कोण किती क्रेडिटचं धरेल याचा नेम नाही. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात, थेट विद्यापीठाकडूनच हवं होतं. त्यासाठी माझी आई सांगलीहून दोनदा एसटीने विद्यापीठात गेली. दुसऱ्यांदा घरून डबा घेऊन.

अनुभवाच्या फॉर्मवर जुन्या बॉसची सही लागली. ते रिटायर होऊन गावी गेलेले. फोन लागला, माणूस भला, सही मिळाली. पण तो फॉर्म मी नोकरी सोडतानाच भरून घ्यायला हवा होता. तुम्ही घ्या.

आणि जुनं लायसन्स बंद करू नका. फी वाचवायला मी ते सोडणारच होते! नवं बोर्ड जुन्या बोर्डाला विचारतं, लायसन्स चालू आहे का, काही तक्रार आहे का.

नियम बदलतायत. ओहायोत १ जानेवारी २०२६पासून १५० क्रेडिटऐवजी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव हाही मार्ग खुला झालाय. म्हणून जिथे जाताय, त्या बोर्डाची वेबसाइट स्वतः वाचा. माझ्यासारखं मित्राच्या सांगण्यावर राहू नका.

माझं लायसन्स चौऱ्याऐंशीव्या दिवशी आलं. तोवर ईमेलखाली नुसतं नाव लिहीत होते. पहिला स्क्रीनशॉट आईला पाठवला. तिचा रिप्लाय आला, "आता परत बदली नको म्हणावं जावईबापूंना."