आडनांवाचा माग



आपल्याकडे नवखा माणूस भेटला म्हणजे पहिला प्रश्न गांवाचा आणि दुसरा आडनांवाचा. या दोन उत्तरांवरून समोरचा मनुष्य कोणत्या मुलखांतला, कोणत्या धंद्यांतला, आपल्या नात्यागोत्यांत बसतो कीं नाहीं, हें ठरवून आपण मोकळे होतों. परंतु ज्या एका शब्दावर आपण एवढा भार टाकतों, तो शब्द आपल्या घरांत केव्हां आणि कोठून आला असें कोणी विचारलें, तर बहुतेक घरांतील उत्तर आजोबांच्या पलीकडे जात नाहीं. हें उत्तर जुन्या कागदांतून कसें शोधावें, याविषयीं आज मी बोलणार आहें. माझें आयुष्य मुलांचीं नांवें हजेरीपटावर लिहिण्यांत गेलें. तेव्हां उदाहरणें मी माझ्या सावदा गांवचीं आणि भोंवतालच्या केळीच्या मुलखांतलींच घेईन.

सावदा, फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यांत शाळेची हजेरी घेऊं लागलें म्हणजे पाटील, चौधरी, महाजन हींच नांवें पुनःपुन्हां येतात. एका वर्गांत दहा पाटील असावेत आणि त्यांतील चौघांचें परस्परांशीं कांहींएक नातें नसावें, हा येथल्या प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. कारण उघड आहे. हीं मूळचीं आडनांवें नव्हेत. हीं पदें आहेत. पाटील म्हणजे गांवचा मुख्य वतनदार, चौधरी म्हणजे पेठेचा किंवा एखाद्या धंद्याचा मुखिया, महाजन म्हणजे व्यापारउदीमांतील मान्य पुढारी. पद एकाच्या हातीं असे. परंतु त्याचा मान सगळ्या भाऊबंदांनीं वांटून घेतला आणि दोनतीन पिढ्यांत तें पदच कुळाचें नांव होऊन बसलें. महाराष्ट्रांत मुलकी पाटलाचें वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. आडनांव मात्र राहिलें. त्याच्या शेजारींच भंगाळे, बेंडाळे, फिरके, झोपे, नेमाडे अशीं कुळांचीं आडनांवेंही या मुलखांत नांदत आहेत.

कवयित्री बहिणाबाई १८८० सालीं असोद्याच्या महाजनांच्या घरीं जन्मल्या आणि जळगांवच्या चौधरींच्या घरीं नांदल्या. माहेर आणि सासर या दोन्हींकडे आडनांवाच्या जागीं पदच! अशा घराचा माग काढूं जाणारा केवळ या दोन शब्दांवर विसंबला, तर तो पेठेंतील भलत्याच महाजनाच्या दारांत जाऊन उभा राहील.

म्हणून या संशोधनाचा पहिला नियम असा कीं, ठाऊक असलेल्या माणसापासून निघावें आणि एकेक पिढी मागें जावें. इतिहासांतील एखाद्या नामांकित पुरुषाचें आडनांव आपल्यासारखें दिसलें म्हणून त्याच्यापासून खालीं उतरत येणें हा उलटा मार्ग होय. त्यांत मधल्या पिढ्या कल्पनेनें भराव्या लागतात. प्रारंभ घरांतूनच करावा. जुनीं खरेदीखतें, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले यांबरोबर माळ्यावरचीं तांब्यापितळेचीं भांडींही खालीं काढावींत. लग्नांत आलेल्या भांड्यावर देणाराचें नांव, गांव आणि पुष्कळदां तारीखही कोरलेली असते. कागद वाळवी खाते. घागरीवरचें नांव ती खात नाहीं.

घरानंतर शाळा. आम्ही शिक्षक ज्याला जनरल रजिस्टर म्हणतों, त्याला जुने लोक दाखलखारीज म्हणत. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, जन्मगांव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचें कारण इतकें सांपडतें. जुन्या पानांवर पुष्कळदां मुलाचें आणि बापाचें एवढींच दोन नांवें असतात. आडनांवाची जागा मोकळी. पुढच्या पिढीच्या वेळीं तेथें एक शब्द भरला जातो. तो पालकानें सांगितला कीं मास्तरांनीं आपल्या समजुतीनें घातला, हें तें पान सांगत नाहीं. सख्ख्या भावांपैकीं एकापुढें ‘पाटील’ आणि दुसऱ्यापुढें कुळाचें आडनांव, असाही प्रकार आढळतो. आणि त्या दोघां भावांचीं नातवंडें पुढें एकमेकांस परकीं समजूं लागतात.

शाळेनंतर तलाठ्याचें दप्तर. जुना गांव नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, नमुना सहा म्हणजे फेरफारांची वही, आणि सातबारा तर सर्वांच्या ओळखीचा आहे. मुंबई इलाख्यांत जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालीं झाला व त्यानंतर गांवोगांवीं हक्कपत्रकें तयार होत गेलीं. या सर्वांत वंशावळीच्या दृष्टीनें मोलाचा कागद फेरफाराचा. खातेदार वारला कीं त्याचे वारस कोण, मुलगे किती, विधवा हयात आहे काय, अज्ञान मुलाचा पालक कोण, हें सारें त्या चार ओळींत उतरतें. एका फेरफारांत दोन पिढ्या हातीं लागतात. असे तीन फेरफार जुळले म्हणजे शंभर वर्षांचा जिना उभा राहतो.

त्याच्याही मागें पैमाशीचे कागद आहेत. खानदेशांत पैमाश सुरू झाली तेव्हां, १८५२ सालीं, सावदा व फैजपूर या भागांतील रयतेनें तिला कडवा विरोध केला. ज्या मोजणीस आपल्या पूर्वजांनीं विरोध केला, तिच्याच कागदांत आज आपण त्यांचीं नांवें शोधतों, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

आतां हे कागद पाहावयाचे कोठें? येथें राज्यकारभाराचा इतिहास थोडा ठाऊक असावा लागतो. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत सावदा हा स्वतंत्र तालुका आहे. पुढें तालुक्याचें ठाणें रावेर झालें. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पडले, आणि १९६० सालीं त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. १९०६ पूर्वीं अखंड खानदेशाचें मुख्य ठाणें धुळें होतें. तेव्हां जो सावदेकर केवळ रावेरच्या कचेरींत चौकशी करून ‘कागद नाहीं’ म्हणून परततो, त्यानें जळगांव आणि धुळें हीं दोन दारें अजून वाजवावयाचीं आहेत. इंग्रजी अमलापूर्वींच्या वतनांचे व इनामांचे कागद पाहावयाचे तर पुण्याचें पेशवे दप्तर आहे, कारण सावदा १७६३ सालीं निजामाकडून पेशव्यांकडे आला होता. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. त्यांच्या नांवानें तेथें स्थापन झालेलें संशोधन मंडळ जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह जपून आहे.

या जुन्या कागदांपाशीं दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली लिपीची. अक्षर मोडी असतें. हात न उचलतां लिहिलेलें, शब्द जोडलेले, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाहीं. ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेंत शिकवीत असत. आज ती वाचणारे थोडे उरले आहेत. दुसरी अडचण कालगणनेची. एखाद्या कागदावर शके १७४० असेल, दुसऱ्यावर फसली १२२८, तर तिसऱ्यावर ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असे अरबी शब्द असतील. तिसा म्हणजे नऊ, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशें, अलफ म्हणजे हजार. मिळून १२१९ हा सूरसन झाला. हीं तिन्ही वर्षें १८१८-१९ चींच आहेत, म्हणजे खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हांचीं. हें गणित न जाणणारास एकाच माणसाचे तीन कागद वेगवेगळ्या काळांतील वाटावयाचे.

सरकारी दप्तराबाहेरचे दोन साक्षीदारही महत्त्वाचे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचें नांव, गांव आणि त्यानें सांगितलेल्या पूर्वजांचीं व भावांचीं नांवें असतात, कित्येकदां त्याच्या स्वतःच्या सहीनिशीं. दुसरा साक्षीदार भाट. लेवा समाज गुजरातेंतून खानदेशांत आल्याची परंपरा सांगतात, आणि त्यांच्या वंशावळी वहीवर राखणारे भाट पिढ्यान्पिढ्या गांवीं येत असत. तीर्थोपाध्यायाची वही प्रत्यक्ष आलेल्या माणसानें सांगितल्यावरून लिहिलेली. म्हणून अलीकडच्या तीनचार पिढ्यांपुरती ती चांगली साक्ष देते. भाटाच्या वहीचा आरंभ मात्र बहुधा एखाद्या देवापासून किंवा राजापासून होतो. तिचा शेवट विश्वासानें आणि आरंभ नमस्कारानें वाचावा!

समजा, सावद्याच्या एका पाटील घराण्यांतील आजोबा १९२८ सालीं शाळेंत दाखल झाले. रजिस्टरांत त्यांचें नांव ‘पाटील’. त्यांच्या वडिलांचा मृत्यु नमुना चौदांत १९३४ सालीं सांपडला; वारसाचा फेरफार काढला तर तेथें मृताचें नांव दुसऱ्याच आडनांवानें, शेवटीं ‘ऊर्फ पाटील’. हा ‘ऊर्फ’ शब्द म्हणजे दाराची किल्ली होय. त्या दुसऱ्या आडनांवानें नाशिकची वही पाहिली. तेथें मूळ गांव तापीच्या पलीकडचें निघालें. मग त्या गांवच्या वतनाच्या कागदांत शोध घ्यावयाचा. प्रत्येक पायरीवर माणूस, बाप आणि गांव या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दोनच जुळल्या तर थांबावें आणि पेन्सिलीनें लिहावें; शाईनें लिहूं नये.

मोह पुष्कळ असतात. ‘नेमाडे’ आणि ‘निमाड’ यांचा ध्वनि जुळतो. निमाड प्रांत येथून लांबही नाहीं. तर्क सुरेख आहे, परंतु कागदाची जागा तर्कास देतां येत नाहीं. दुसरा मोह थोरवीचा. आपला मूळपुरुष शेतकरी निघाला तर कमीपणा आणि सरदार निघाला तर भूषण, अशा वृत्तीनें जो दप्तर उघडतो, त्यास हवें तेंच दिसतें.

आणि आज या शब्दांना केवळ हौसेचें मोल राहिलेलें नाहीं. २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिति नेमली व कुणबी नोंदींसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनीं दप्तरें उघडलीं. मोडी वाचणारांना एकाएकीं मागणी आली. जुन्या पानावरच्या एका शब्दावर एखाद्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची वाट अडलेली असते. आमच्याकडे एकाच कुळाच्या पुढें कोठें ‘कुणबी’, कोठें ‘लेवा कुणबी’, कोठें ‘पाटीदार’ लिहिलेलें आढळतें. असें पान जसेंच्या तसें ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे. त्यावर आपल्या हातानें एक काना वाढविणें हें पाप तर खरेंच, पण गुन्हाही आहे.

शेवटीं या कागदांचें एक उणें सांगितलें पाहिजे. ज्याची जमीन त्याचें नांव, हा दप्तराचा नियम. सालदार, मजूर, फिरता कारागीर यांचीं नांवें तेथें क्वचितच येतात. इंग्लंडांत १८४१ पासूनच्या जनगणनेंत गरिबाचेंही नांव पाहावयास मिळतें. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याप्रमाणें जनगणनेची घरोघरची माहिती गुप्त असते. स्त्रीचें नांव तर विधवा झाल्यावरच फेरफारांत चढावयाचें! म्हणून आपली आजी, पणजी कोणत्या गांवची, तिचें माहेरचें नांव काय, माहेरचें आडनांव काय, हें घरांतील वृद्ध माणसास आजच विचारून तारखेनिशीं लिहून ठेवा. कागदाची नक्कल मागाहूनही मागतां येते. माणसाच्या आठवणीची नक्कल मात्र कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं.