गोवळकोटचा गड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहासावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण गोवळकोट हे माझे माहेर, आणि गेल्या मे महिन्यात लेकीने विचारले, “आई, गडावर काय आहे गं?” मला सांगता येईना. वीस वर्षे गडाखाली वाढले, नवरात्रात वर रेडजाईची ओटी भरली, पण बुरुज पाहिला नाही. फार लाज वाटली. मग भावाकडून पुस्तके आणवून वाचली.

गडाला तीन बाजूंनी वाशिष्ठीचा वेढा आहे. दाभोळहून खाडीने येणारे गलबत गडाच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून तर एवढ्याशा टेकडीसाठी एवढी झुंज! इथे जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल होता. 1727 साली सिद्दी सात याने समोरचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. ब्रह्मेंद्रस्वामींचे ते आवडते स्थान. त्यांनी छत्रपती शाहूमहाराज आणि पेशवे यांच्यामागे पत्रांचा धोशा लावला. 1736 मध्ये चिमाजी अप्पांशी रेवसजवळ झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. तरी तहात गोवळकोट सिद्दीकडेच राहिला. तो घेतला तुळाजी आंग्रे यांनी, 1745 साली. त्यांनीच त्याचे नाव गोविंदगड ठेवले. दहा वर्षांनी पेशव्यांकडे गेला, 1818 मध्ये इंग्रजांकडे. एकाच गडाला किती धनी!

परवा लेकीला घेऊन चढले. गुडघे कुरकुरले. तटावर झाडी माजली आहे, तलाव मोठा आहे. खाली धक्क्यावर गलबते बांधायला तोफा उलट्या पुरल्या होत्या. लहानपणी आम्ही त्यांवर बसून शेंगा खात असू, तोफ आहे हे ठाऊकही नव्हते! त्या आता गडावर नेल्या आहेत.

बुरुजावरून नदी पाहिली आणि 22 जुलै 2021 आठवला. त्या दिवशी चिपळूणच्या बाजारात भावाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. दोन दिवस फोन लागला नाही; मी इथे पोफळीत चुलीपुढे नुसती बसून. आपल्या वीजगृहातून निघालेले कोयनेचे पाणी कोळकेवाडीमार्गे याच वाशिष्ठीला मिळते. सासरचे पाणी माहेरच्या दारावरून समुद्राला जाते, असे मी लेकीला म्हटले. ती म्हणाली, “मग आजीला निरोप पाठव ना त्याच्याबरोबर.”

येत्या माघात मंडळाची सहल तिथेच न्यावी, अशी माझी विनंती आहे. भाकरी-पिठले मी करून आणीन.