सहा फेब्रुवारी : एका तारखेचें गाणें

पंचांगांतील तिथीला व्रतवैकल्यांचें माहात्म्य असतें. इंग्रजी तारखेला बहुधा पगाराचें, घरभाड्याचें आणि कोर्टाच्या मुदतीचें. तरीहि एखादी तारीख अशी निघते कीं, तिच्या पोटांत संगीताच्या इतिहासाचीं तीन-चार पानें एकाखालीं एक रचून ठेवल्यासारखीं सांपडतात. ६ फेब्रुवारी ही अशी तारीख आहे. या योगायोगांत दैवी संकेत शोधण्याचें कारण नाहीं. वर्षाचे दिवस ३६५ आणि गाणारे अगणित. तेव्हां अशा गांठीभेटी घडावयाच्याच. परंतु हीं पानें ओळीनें वाचलीं म्हणजे त्यांतून एकच प्रश्न पुनः पुनः डोकें वर काढतो : गाणें लोकांच्या ओठीं बसतें, पण तें गाणाराचें नांव कोण टिपून ठेवतें?

पहिलें पान १९३२ सालचें. त्या वर्षीं ६ फेब्रुवारी रोजीं मुंबईंत 'अयोध्येचा राजा' हा प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट झळकला. मराठी बोलपटाच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः येथूनच धरतात. प्रभातची स्थापना १९२९ सालीं कोल्हापुरास झाली, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचें होतें. कथा राजा हरिश्चंद्राची, म्हणजे दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं मूकपटासाठीं निवडली तीच. मात्र मधल्या एकोणीस वर्षांत एक मोठा फरक पडला होता. फाळक्यांची तारामती मुकी होती. शिवाय ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटानें केली होती. प्रभातची तारामती बोलत होती, गात होती, आणि ती दुर्गा खोटे या मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रीनें वठविली होती. ज्या महाराष्ट्रानें बालगंधर्वांच्या कंठांतून नायिकेचें गाणें डोक्यावर घेतलें, त्या महाराष्ट्राला आतां नायिकेच्या गळ्यांतूनच नायिकेचें गाणें ऐकूं येऊं लागलें.

या बोलपटाचें संगीत गोविंदराव टेंब्यांचें. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. आणि या चित्रांत हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच. पार्श्वगायनाची युक्ति तेव्हां आपल्याकडे आली नव्हती. ती १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें रूढ केली. तोंपर्यंत नटानें कॅमेऱ्यासमोर उभें राहून स्वतःच गावयाचें, आणि साथीदारांनीं चित्राच्या चौकटीबाहेर दडून साथ करावयाची, अशी रीति होती. गैरसोयीची खरी, पण तिचा एक गुण होता. गाणारा कोण, हा प्रश्नच प्रेक्षकाला पडत नसे. ज्याचा चेहरा, त्याचाच कंठ.

दुसरें पान त्याआधींचें, १९१५ सालचें. ६ फेब्रुवारी रोजीं उज्जैनजवळच्या बडनगर गांवीं रामचंद्र नारायण द्विवेदी यांचा जन्म झाला. पुढें हिंदी चित्रसृष्टींत ते कवि प्रदीप या नांवानें ओळखले गेले. १९४३ सालच्या 'किस्मत' चित्रपटांतील त्यांच्या देशभक्तिपर गीतानें पारतंत्र्यांतील प्रेक्षकांना जागें केलें. चीनच्या आक्रमणांत पडलेल्या जवानांसाठीं त्यांनीं लिहिलेलें 'ऐ मेरे वतन के लोगों' हें गीत २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लींत, पंडित नेहरूंच्या उपस्थितींत गाइलें गेलें. त्याची चाल नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, आणि कंठ लता मंगेशकरांचा. त्या कवीचा जन्मदिवस हाच एके दिवशीं त्या गायिकेचा स्मृतिदिन होईल, हें त्या सभेंत कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

तिसरें पान सातासमुद्रांपलीकडचें. ६ फेब्रुवारी १९४५ रोजीं जमेका बेटावरील नाइन माइल या खेड्यांत बॉब मार्ले जन्मला. रेगे हा त्या बेटावरील गरीब वस्त्यांचा ताल त्यानें तबकड्यांच्या द्वारां जगभर नेला. २२ एप्रिल १९७८ रोजीं किंग्स्टन येथील जलशांत त्यानें एकमेकांचे कट्टर राजकीय वैरी असलेल्या दोघां पुढाऱ्यांना व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातीं दिले. अवघ्या ३६ व्या वर्षीं, १९८१ सालीं, तो कर्करोगानें वारला. २०१८ सालीं युनेस्कोनें रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. परंतु प्रस्तुत विषयास लागू अशी त्याची गोष्ट निराळीच आहे. 'नो वुमन, नो क्राय' या त्याच्या सुप्रसिद्ध गीतावर गीतकार म्हणून व्हिन्सेंट फोर्ड याचें नांव आहे. हा त्याचा जुना स्नेही. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तींत भुकेल्यांना अन्न देणारें स्वयंपाकघर चालवी. तबकडीवरील त्या नांवामुळें गीताचें हक्काचें मानधन फोर्डला लाभलें. तबकडीवर नांव छापणें म्हणजे निव्वळ मानसन्मान नव्हे. तो चुलीशीं जोडलेला हक्क आहे, हें यावरून ध्यानांत येतें.

चौथें पान अगदीं ताजें. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं, वसंतपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं, लता मंगेशकर वयाच्या ९२ व्या वर्षीं मुंबईंत निवर्तल्या. शिवाजी उद्यानांत शासकीय इतमामानें अंत्यसंस्कार झाले. देशभर दोन दिवसांचा दुखवटा पाळण्यांत आला. या पानाचा धागा पहिल्या पानाशीं जुळतो तो असा. 'अयोध्येचा राजा' मध्यें नारदाची भूमिका करणारे तरुण नट होते मास्टर विनायक. १९४२ सालीं मास्टर दीनानाथ वारले तेव्हां त्यांची थोरली मुलगी बारा वर्षांची होती. तिला चित्रपटांत काम देऊन त्या कुटुंबाला आधार दिला तो याच विनायकरावांनीं. नारदानें एका घरचें गाणें दुसऱ्या युगाच्या स्वाधीन केलें, असेंच म्हणावयाचें.

तोंवर पार्श्वगायन रुळलें होतें, आणि चेहरा एकीचा व कंठ दुसरीचा अशी फारकत झाली होती. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील ज्या गीतानें लताबाईंचा आवाज घरोघर पोहोंचविला, त्याच्या तबकडीवर आरंभीं गायिकेचें नांवच नव्हतें. तेथें 'कामिनी' असें छापलें होतें, आणि कामिनी हें तर पडद्यावरील नायिकेचें नांव. हा आवाज कोणाचा, अशी नभोवाणीकडे विचारणा होऊं लागली, तेव्हां खरें नांव उजेडांत आलें. फिल्मफेअर पारितोषिकांतहि पार्श्वगायनासाठीं प्रथम जागा नव्हती. ती १९५९ सालीं निर्माण झाली, आणि पहिला मान 'मधुमती' मधील गीतासाठीं लताबाईंनाच मिळाला. मौज अशी कीं, नांवासाठीं भांडलेल्या याच गायिकेनें भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आदि चित्रपटांना संगीत दिलें तें 'आनंदघन' या टोपणनांवानें. नांव असतांना तें झांकणें हा विनय होय. नांव असूनहि तें छापलें न जाणें ही उपेक्षा होय. या दोहोंतील अंतर ओळखलें पाहिजे.

आतां या तारखेचें पांचवें पान. तें कोणत्याहि दिनविशेषांत छापलेलें नाहीं. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठावर घणसोली गांव आहे. भातशेती, मिठागरें आणि खाडींतील मासळी यांवर तेथील आगरी व कोळी कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या चालत आला. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादन करण्यांत आल्या, नवी मुंबई उभी राहिली. गांवाला आगगाडीचें स्थानक मिळालें आणि गांवठाणाभोंवतीं उंच इमारतींचा वेढा पडला. फेब्रुवारी हा सामान्यतः माघाचा, म्हणजे लग्नसराईचा महिना. या पट्ट्यांतील आगरी लग्नांत मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत आणि वरात परत येईपर्यंत प्रत्येक विधीचें गीत ठरलेलें असतें. या गीतांना धवळे म्हणतात, व तीं म्हणणारीला धवलारीण. तिच्या हातीं पोथी नसते. वडीलधाऱ्या बायकांच्या मागें बसून, ऐकून ऐकून तिनें तीं मुखोद्गत केलेलीं असतात. कित्येक ठिकाणीं तीच पुरोहिताचें काम करी. तिच्या धवळ्यांवांचून लग्न लागलें असें घरच्यांना वाटत नसे.

हा शब्द कालपरवाचा नव्हे. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील महदंबेनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर 'धवळे' रचले, आणि त्या एका रचनेमुळें ती मराठींतील आद्य कवयित्री ठरली. महदंबेचें नांव आज शाळकरी मुलींनाहि ठाऊक आहे; कारण तिच्या पंथानें तें जिवापाड जपून लिहून ठेवलें. तिच्या आधीं आणि नंतर लग्नाच्या मांडवांत ज्या असंख्य बायका गाइल्या, त्यांचें गाणें तिच्याहून उणें होतें असें म्हणण्यास आधार नाहीं. उणीव होती ती लेखणीची.

शहरी घरांना खाडीकांठच्या जीवनाचा सूर माहीत झाला तो तबकडीवरून. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाई व हेमंतकुमार यांचे कंठ लाभलेलें 'मी डोलकर' हें गीत दिवाणखान्यांत पोहोंचलें आणि तेथेंच स्थिरावलें. त्या चौघांचीं नांवें सर्वश्रुत आहेत, आणि तसें असणें योग्यच आहे. परंतु ज्या बोलीच्या आणि ज्या तालाच्या ओलाव्यावर असें गीत उगवतें, तो ओलावा टिकविणाऱ्या बायकांना ना तबकडी लाभली, ना तारीख. हळदीच्या मांडवांत आतां ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या राहतात. त्या गजरांत तरुण मंडळी नाचतात, त्याबद्दल त्यांस बोल लावण्याचें प्रयोजन नाहीं; आनंदाचा आवाज प्रत्येक पिढीचा वेगळा असतो. प्रश्न इतकाच कीं, त्या भिंतीआड बसलेल्या म्हातारीला येणारे धवळे तिच्याबरोबरच जाणार आहेत काय?

तसें होऊं नये यासाठीं फार मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाहीं. १९३२ सालीं एक गाणें टिपावयाचें तर प्रभातला अवजड यंत्रें आणि कसबी माणसें लागत. आज तें काम खिशांतील भ्रमणध्वनि करतो. घणसोलीचीं, आणि तिच्यासारख्या इतर गांवांचीं किती तरी मुलें-मुली शिकून नोकरीधंद्याला लागलेलीं आहेत. त्यांच्या शेजारीं इमारतींत राहावयास आलेलीं सुशिक्षित कुटुंबेंहि आहेत. त्यांनीं अशा बाईजवळ निवांत बसावें, तिची अनुमति घ्यावी, तिच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, आणि गाणें टिपून घ्यावें. मात्र तेवढ्यावर थांबूं नये. गाण्याबरोबर तिचें नांव, तिचें माहेर, तिनें तें कोणापासून घेतलें तें, तें कोणत्या विधीचें आहे तें, आणि टिपल्याची तारीख, इतक्या पांच गोष्टी लिहून ठेवाव्या. या पांच ओळी नसतील तर तें गाणें उद्यां 'पारंपरिक' या एका शब्दाखालीं पुरलें जाईल, आणि 'कामिनी' छापलेल्या तबकडीचीच पुनरावृत्ति होईल. भेद इतकाच कीं, खरें नांव विचारणारा त्या वेळीं कोणी नसेल.