निवाऱ्याच्या दाराला कडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी मजुरीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळविला तेव्हा चिटणीस जरा घुटमळले. "हा विषय एखाद्या भगिनीने मांडला तर अधिक शोभेल," असे म्हणाले. भगिनी तो मांडतातच, आणि माझ्याहून चांगला मांडतात. परंतु पूर आला की निवाऱ्याची चावी, शिध्याची यादी आणि पंचनाम्याचा कागद यांच्यामागे बहुधा आम्ही पुरुषच बसलेले असतो. त्या टेबलामागच्या माणसाने या प्रश्नाकडे कधी पाहिलेच नाही, तर टेबलापुढच्या बाईने कितीही सांगून काय उपयोग? माझे शाळेतले शिक्षण आठवीत आटोपले. पुढचे सारे गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताची भाषा माझ्याकडून अपेक्षू नये.

पूर, भूकंप, दंगल, साथ अशा संकटात घर सुटलेल्या बायकांवर व मुलांवर जे अत्याचार होतात, ते कशाने होतात आणि कशाने थांबतात, एवढेच मला बोलायचे आहे. संकट सर्वांना सारखेच गाठते असे आपण म्हणतो. पाणी गाठत असेल. पाणी ओसरल्यानंतरचे दिवस सर्वांना सारखे नसतात.

यासाठी दूर जायला नको. शहाडचा पूल ओलांडला की आपण ज्या गावात शिरतो ते गावच मुळी एक छावणी होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उभारल्या होत्या. फाळणीनंतर, आणि विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीच्या दंगलीनंतर, सिंधमधून जहाजे भरभरून माणसे मुंबईला उतरली. त्यांपैकी सुमारे लाखभर या कल्याण कँपात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे नाव उल्हासनगर झाले; पण आजही रिक्षावाल्याला आपण कँप नंबर तीन, कँप नंबर चार असेच सांगतो.

बराक ही शिपायांसाठी बांधलेली वस्तू. एक लांबलचक खोली, आडोसा नाही. तिथे कुटुंबे आली आणि चादरी, गोणपाट टांगून त्यांनी घरे केली. त्या वेळी लहान मुली असलेल्या सिंधी अम्मांकडून मी ऐकले आहे, की रात्री संडासला जायचे तर चौघीजणी मिळून, एक कंदील घेऊन जात. एकटी कोणी जात नसे, आणि कोणाला झोपेतून उठवावे लागले तरी ती कुरकुर करीत नसे. कोणत्याही सरकारी फाइलीत हे नियम नसतील. ते बायकांनी स्वतः केले आणि पाळले. त्याच बायकांनी पापड लाटून, विकून घरात स्वतःचा पैसा आणला. हातात चार पैसे असलेल्या बाईला शिध्यासाठी कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही, हे मला तरी मोठे संरक्षण वाटते.

याच काळात पंजाबात काय चालले होते ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंनी मिळून हजारो बायका पळविल्या गेल्या. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी त्यांना शोधून परत पोचविण्याचा करार केला. मृदुला साराभाई आणि कमलाबेन पटेल यांच्यासारख्या कार्यकर्त्या लाहोर-अमृतसर एक करून राबल्या, आणि पुढल्या काही वर्षांत दोन्हीकडच्या मिळून सुमारे तीस हजार बायका परत आणल्या गेल्या. हे काम सामान्य नव्हे, त्याला मी हात जोडतो.

परंतु त्यासाठी १९४९ साली जो कायदा झाला, तो एकदा वाचून पाहा. 'पळविलेली व्यक्ती' म्हणजे कोण? तर सोळा वर्षांखालील मुलगा, अथवा कोणत्याही वयाची स्त्री. कोणत्याही वयाची! चाळीस वर्षांची बाई आणि दहा वर्षांचा मुलगा कायद्याने एका रांगेत बसविले. तिला ताब्यात घ्यायचे, छावणीत ठेवायचे, वाद झाला तर न्यायाधिकरणाने ठरवायचे. "तुला कुठे जायचे आहे?" हा प्रश्न तिला विचारलाच पाहिजे, आणि तिचे उत्तर शेवटचे मानले पाहिजे, असे त्यात नव्हते. कित्येकींना खरोखर सुटका हवी होती. कित्येकींची आता तिथे मुले होती, आणि परत गेल्यावर माहेरी-सासरी दार उघडेल याची खात्री नव्हती. काहींनी जायला साफ नकार दिला, तरी त्यांना नेले. ज्यांनी पळविले त्यांनी विचारले नाही, आणि ज्यांनी सोडविले त्यांनीही विचारले नाही. १९५७ साली तो कायदा संपला. पण बाईचे रक्षण म्हणजे बाईला उचलून सुरक्षित जागी ठेवणे, ही समजूत अजून संपलेली नाही.

युनियनमध्ये आम्ही एक गोष्ट शिकलो. कामगारांच्या भल्यासाठी जी कमिटी नेमली जाते, तिच्यात कामगार नसेल तर तिचे ठराव कागदावर राहतात. कँटीन कमिटीत जेवणारा माणूस हवा. तसाच निवाऱ्याच्या कमिटीत त्या निवाऱ्यात रात्र काढणारी बाई हवी.

२६ जुलै २००५ ची गोष्ट सांगतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो हा दिवस. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या घरांत शिरल्या होत्या. आमची मंडळी एका शाळेत आसऱ्याला आलेल्या कुटुंबांना जेवण पोचवीत होती. जेवण संपे, पण पाण्याचे पिंप बायकांच्या बाजूला भरलेलेच राही. मला वाटले पाण्याला वास येत असावा. एका बाईला विचारले, तर ती म्हणाली, "भाऊ, पाणी प्यायले की रात्री उठावे लागते." संडास मैदानाच्या पार टोकाला, वीज गेलेली, आणि दाराला आतून कडी नाही. दोन दिवस त्या बायका तहानलेल्या राहिल्या होत्या, त्यांत एक अंगावर पाजणारी होती. संध्याकाळी आमच्यातल्या एका फिटरने कड्या बसविल्या, एक बॅटरीचा दिवा टांगला, आणि पिंप रिकामे झाले. कडीची किंमत ती काय?

आता यावर जगभर शास्त्र झाले आहे. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी मिळून 'स्फिअर' नावाचे निकष ठरविले आहेत. त्यांत वीस माणसांमागे एक संडास, तो राहत्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, दाराला आतून बंद करण्याची सोय, उजेड, आणि पाण्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक रांग नाही, असे सांगितले आहे. तज्ज्ञांची नावे ऐकून आपण दबून जातो. पण १९४८ च्या आपल्या फॅक्टरी कायद्यात बायकांसाठी निराळे, बंदिस्त, उजेड असलेले संडास सांगितले होते, आणि त्याखालच्या नियमांत दार व कडीसुद्धा होती. पाळीला येणाऱ्या बाईला जे मिळावे म्हणून आम्ही गेटवर भांडलो, ते पुरातून आलेल्या बाईला मिळू नये काय?

दुसरी गोष्ट यादीची. शिधा आणि मदतीचा चेक कुटुंबप्रमुखाच्या नावे निघतो. नवरा बेपत्ता असेल, दारुडा असेल, किंवा बाई त्याच्यापासून वेगळी राहत असेल, तर ती यादीतच नाही. मग यादी लिहिणारा माणूस तिचा मालक होतो. अशा मालकीतून काय मागण्या होतात ते मी या सभेत उघड बोलत नाही. भगिनींना ते कळले आहे. म्हणून प्रत्येक प्रौढ बाईचे नाव स्वतंत्र ओळीत लिहावे, आणि वाटपाच्या टेबलावर निदान एक बाई असावी. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. पैसा कुठे अडला, सिमेंट कोणाला मिळाले, हे त्या घरोघर जाऊन पाहत. हे मराठवाड्यात जमले, मग ठाणे जिल्ह्यात का जमू नये?

मुलांबद्दल एकच नियम सांगतो, आणि तो निर्दयपणे पाळावा: नोंद केल्याशिवाय कोणाचेही मूल कोणाच्याही हाती द्यायचे नाही. "मी मामा आहे" म्हणणाऱ्याच्याही नाही, गोड बोलणाऱ्या संस्थेच्याही नाही. हरवलेले मूल बालकल्याण समितीपुढे चोवीस तासांत न्यायचे असते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या सरकारने अचे प्रांतातून सोळा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून बाहेर नेण्यास बंदी केली होती. मुलांच्या व्यापाऱ्यांना संकट म्हणजे हंगाम वाटतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि एवढे करूनही अत्याचार घडला तर? ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरात बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद राहिल्या, उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या विलंबाबद्दल पोलिसांवर कारवाई झाली. त्या दिवशी ना पूर होता ना भूकंप. वीज होती, रस्ते कोरडे होते. तरी आईबापांना खेटे घालावे लागले. मग गुडघाभर पाण्यातल्या बाईची काय कथा! म्हणून कायदा पाठ असावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो बाई अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आणि रुग्णालय सरकारी असो की खाजगी, अत्याचारित बाईला मोफत उपचार नाकारू शकत नाही. एच.आय.व्ही. टाळणारी औषधे बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आधी पोलिसात जा, मग या, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे फोन क्रमांक आहेत.

टाळेबंदीचा उल्लेख करतो आणि थांबतो. आम्हा युनियनवाल्यांना टाळेबंदी म्हणजे कारखान्याची ठाऊक. मार्च २०२० मध्ये घरांनाच टाळे लागले. दहा बाय दहाची खोली, पगार बंद, आणि मारणारा माणूस चोवीस तास आत. निवाऱ्यात कडी आतून हवी, इथे दार बाहेरून उघडणारे कोणीतरी हवे होते. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर तक्रारी घ्याव्या लागल्या, कारण नवऱ्यादेखत फोनवर बोलता येत नव्हते. आमच्या वस्तीत दोघीतिघींनी एक खूण ठरविली होती. ती कोणती हे सांगत नाही, कदाचित पुन्हा लागेल.

जून महिना आता दूर नाही. बाहेरच्या टेबलावर एक छापील कागद ठेवला आहे. शहाडपासून बदलापूरपर्यंत पूर आला की आपल्या वस्तीला कोणत्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात नेतात, चावी कोणाकडे असते, संडास किती, कड्या किती, दिवा कुठे, आणि रात्री जाग्या राहणाऱ्या दोन बायका कोणत्या, एवढेच त्यात भरायचे आहे. कागद घरी बसून भरू नये. बायकांना बरोबर घेऊन, रात्री आठनंतर, दिवे न लावता ती जागा पाहून यावी. भरलेले कागद येत्या रविवारपर्यंत युनियनच्या कचेरीत आणून द्यावेत. सोमवारी आमचा फिटर कड्या घेऊन निघणार आहे.